तेच ते दळण

दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून आई एक गोष्ट सांगायला लागली.

समाचाराला माणसं यायची. दारात चपला काढायची, वहिनींजवळ थोडा वेळ नुसतीच बसायची आणि मग आईकडे वळायची. आई पदर सारखा करायची आणि सुरू व्हायची. "सकाळी उठला. तोंड धुतलं. चहा घेतला. म्हणला, आई, आज आलं जास्त झालंय. मी म्हणलं, असू दे, थंडीचं बरं असतं. मग पेपर घेऊन बसला..." पुढे पेपर हातातून गळून पडणं, शेजाऱ्यांची गाडी, दवाखान्याच्या पायऱ्या, चष्मा हातात धरून बाहेर आलेले डॉक्टर. शेवटही ठरलेला. "साडेसातला सगळं संपलं." ऐकणारी बाई डोळे पुसायची, आई डोळे पुसायची, अर्धा अर्धा कप चहा व्हायचा. ती बाई उठून जायची आणि तासाभराने दुसरी यायची. पुन्हा, "सकाळी उठला. तोंड धुतलं."

नवव्या दिवशी मी मोजलं. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा. आल्याचा उल्लेख एकदाही चुकला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना म्हटलं, "आईचं तेच ते दळण चाललंय. कुणीतरी थांबवायला हवं तिला, आजारी पडेल." वहिनी काही बोलल्या नाहीत. चुलत घरून आलेल्या पिठल्याचं पातेलं त्या घासत होत्या. घासून झालं होतं तरी घासत होत्या.

माझीही एक गोष्ट होती. ती मी कुणाला सांगत नव्हते, आणि ती एका वाक्याची होती.

त्या दिवशी पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी दादाचा फोन आला होता. मी पुण्यात, जागीच. त्याचं नाव दिसलं आणि मी फोन पालथा करून ठेवला, चहा झाल्यावर करू म्हणून. कारण निवृत्त झाल्यापासून दादाला पहाटे फोन करायची खोडच लागली होती आणि त्यात कामाचं कधीच काही नसायचं. "अगं, आपल्या शाळेच्या शिपायाची सायकल कुठल्या रंगाची होती गं?" "अगं, आजोळच्या विहिरीला पायऱ्या किती?" एकसष्टी करायची की नाही यावरून ज्याचं घरात भांडण चाललं होतं, असा हा माणूस पहाटे उठून विहिरीच्या पायऱ्या मोजायचा. तर फोन वाजून वाजून थांबला. नंतर जो फोन आला तो वहिनींचा होता.

मी तेव्हा फोन उचलला असता तर. एवढंच वाक्य. पुरतं वाक्यसुद्धा नाही ते.

त्या तेरा दिवसांत मी भराभर कामं केली. मृत्यूचा दाखला, त्याच्या सहा झेरॉक्स प्रती, बँक, विमा, पेन्शन, गॅसची जोडणी. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. हा शब्द मोठा वाईट. एकदा अंगावर चढला की चारचौघांत काढून ठेवता येत नाही. दहाव्याला कराडच्या प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना, तेव्हा काका माझ्या कानाशी म्हणाले, "तू बोल काहीतरी. तुझ्यात जीव होता त्याचा." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. भाच्याने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं, कावळा आला नाही. काकांनी जमिनीचं सांगितलं, नाही आला. शेवटी दादाचा एक मित्र पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "तुझे सात हजार देतो रे बाबा पुढच्या महिन्यात." कावळा आला. त्या घाटावर पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो आणि हसता हसता बरेच जण हुंदके द्यायला लागले. मी त्यांत नव्हते. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते.

रडू आलं ते जूनमध्ये, पुण्याच्या मंडईत. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि सवयीने विचारलं, "ताई, आलं देऊ का?" मी उभ्या जागी रडायला लागले. तिने काही विचारलं नाही. स्वतःच्या बुडाखालचं स्टूल काढून माझ्याकडे सरकवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बटाटे तोलत राहिली. पुढे वर्षभरात मला मिळालेल्या सांत्वनांपैकी ते सर्वांत चांगलं होतं, असं अजूनही वाटतं.

त्यानंतर झोप गेली. दररोज पावणेसहाच्या सुमाराला डोळे उघडायचे आणि ते वाक्य सुरू व्हायचं. झोप नसलेली माणसं वाचायला लागतात. मीही लागले, आणि एका भूकंपाशी येऊन पोचले. १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या चौदा दिवस आधी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुझन नोलन-होक्सिमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, अशा धाटणीची. भूकंपाचा आणि त्या प्रश्नावलीचा अर्थातच काही संबंध नव्हता. पण भूकंप झाल्यावर बाईंनी त्याच मुलांना दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी गाठलं. वाईट वाटलं की 'मलाच असं का होतं' हे मनात घोळवत बसायची ज्यांना आधीपासून सवय होती, ती मुलं जास्त खचलेली निघाली. त्या घोळवण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो गाईच्या रवंथावरून आलेला. मला तो पटत नाही. गाईच्या रवंथाने चारा पचतो तरी. आपल्याकडचा शब्द अचूक आहे, उगाळणं. त्याच्या जोडीला आपल्या म्हणीने कोळसाही देऊन ठेवलाय, उगाळावा तितका काळाच. पहाटे पावणेसहाला मी जे करत होते ते हेच.

आणि त्याआधी चार महिने मी जे करत होते ते गिळणं. मराठीत आपण दुःख गिळतो, अपमान गिळतो, आवंढा गिळतो. गिळलेल्याचं पुढे काय होतं त्यालाही शब्द आहे, कुढणं. आमच्या घराण्यात याची परंपरा मोठी. माझे आजोबा एक मुलगा गमावल्यावर त्याच संध्याकाळी गोठ्यात धार काढायला बसले होते, ही कहाणी आम्हाला लहानपणी अभिमानाने सांगितली जायची. पुढची पंचवीस वर्षं ते कुणाशी धड बोलले नाहीत, हे मात्र कुणी त्या कहाणीला जोडलं नाही.

शेवटी मी एका समुपदेशक बाईंकडे गेले. पहिल्याच भेटीत त्यांना फोनचं सांगून टाकलं. आवाज जराही न हलू देता सांगितलं, याचंही मला बरं वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोनच्या आधी काय होतं?"

"म्हणजे?"

"तुम्ही फोनपासून सुरू करताय. त्याआधी काहीतरी असेल ना."

मला काही आठवेना. सत्तावन्न वर्षं भाऊ माझ्या गाठीला, आणि त्याच्या बाजूने सांगायला माझ्याकडे एक न उचललेला फोन.

त्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. चार दिवस, ओळीने, रोज पंधरा मिनिटं लिहा. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका, गजर लावा आणि वाजला की थांबा. ही त्यांची कल्पना नव्हती. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने टेक्ससमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला हा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आयुष्यातली सर्वांत जिव्हारी लागलेली घटना, आणि नुसती घटना नव्हे तर तिच्याविषयी काय वाटतं तेही, ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या त्यांच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढे अनेकांनी हा प्रयोग करून पाहिला. सगळीकडे सारखं यश आलेलं नाही, आणि आलं तेही बेताचंच. चार दिवस लिहिलं की दुःख उतरतं असं काही नाही. पण पेनेबेकरने नंतर त्या लिखाणातले शब्दच मोजायला घेतले आणि तिथे जे दिसलं त्याने मी चपापले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'म्हणून', 'कळलं', 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. म्हणजे त्यांची गोष्ट चार दिवसांत बदलली होती.

माझी कशी बदलणार? पहिल्या दिवशी मी ते वाक्य सात वेळा लिहिलं आणि गजर व्हायच्या आत वही मिटली. दुसऱ्या दिवशी दादावर चिडून लिहिलं. छातीत दुखत असेल तर बहिणीला कशाला फोन करायचा, शेजारी डॉक्टर राहतात, त्यांचं दार वाजवायचं. बायको शेजारच्या खोलीत झोपलेली, तिला उठवायचं. लिहिताना अक्षर इतकं फाटलं की मलाच वाचता येईना. तिसऱ्या दिवशी, कुठून कोण जाणे, एक शेळी आली. आमची लहानपणीची पांढरी शेळी, कान तेवढे काळे. तिने दादाची गणिताची वही खाल्ली होती. शेळीने वही खाल्ली हे गुरुजींना पटलं नाही आणि त्याला छड्या बसल्या. दुसऱ्या दिवशी मी, दुसरीतली, त्याच्या वर्गाच्या दारात जाऊन साक्ष दिली की हो गुरुजी, खरंच खाल्ली, मी पुठ्ठा तिच्या तोंडातून ओढला. पुढे जन्मभर दादा मला 'साक्षीदार' म्हणायचा. त्याच्या सगळ्या आठवणींची खात्री करून घ्यायचा तो माझ्याकडून. पहाटेचे फोन त्यासाठीच तर असायचे. हे लिहिलं आणि गजर झाला. मी थांबले नाही.

दिवाळीला कराडला गेले. घरातला पहिला सण म्हणून पाहुणे आले होते. फराळाचं घरात केलं नव्हतं, ते दुसऱ्यांनी आणलं. आई पुन्हा तीच गोष्ट सांगायला बसली आणि या खेपेला मी नीट ऐकलं. मला धक्का बसला. गोष्ट ती नव्हतीच.

डॉक्टर कधीतरी गळून गेले होते. दवाखान्याच्या पायऱ्या होत्या, पण त्यांवर आता आईचा पाय मुरगळल्याचं आणि तिला कुणा अनोळखी पोराने हाताला धरून वर नेल्याचं आलं होतं. "कुणाचा होता देव जाणे. मी त्याचं तोंडपण बघितलं नाही." आल्याचा चहा होता, पण त्याच्या मागे आणखी एक चहा आला होता, दादा पहिल्यांदा पगार घेऊन आला त्या दिवशीचा. आणि गोष्ट आता 'सकाळी उठला' इथून सुरू होत नव्हती. त्याच्याही आधीपासून होत होती. दर खेपेला सुरुवात थोडी मागे सरकत होती. 'साडेसातला सगळं संपलं' हे वाक्य आता शेवटी येत नव्हतं, मध्येच कुठेतरी यायचं आणि त्याच्या पुढेही आई बोलत राहायची.

ज्याला मी दळण म्हणून नावं ठेवली होती ते खरंच दळण होतं. मूठभर टाकायचं, फिरवायचं, थोडं पीठ बाहेर येतं. पुन्हा मूठभर. लांबून बघणाऱ्याला तेच ते गरागरा फिरणं दिसतं.

आमच्या परसात जातं आहे. आता त्याच्यावर गवती चहाची कुंडी ठेवलेली असते. लग्नघरात हळदीपुरतं ते धुऊनपुसून आत यायचं, आता तेही बंद झालं. आई सासरी आली तेव्हा गावात गिरणी नव्हती. पहाटे चारला आई आणि मोठ्या काकू खुंट्याला दोन बाजूंनी हात घालायच्या. मी तिला ओव्या म्हणायला सांगितल्या तर म्हणाली, "आता कशा येतील? हात फिरल्याशिवाय तोंडात येत न्हाईत त्या." ओव्या गोळा करणाऱ्यांचा अनुभवही असाच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या टिपून घेतल्या. प्वातवँ मूळचे फ्रान्सचे, इथे येऊन इथलेच झाले. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांच्याबरोबर सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. पत्रकार पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर आता हा खजिना ऐकता येतो. सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत, विठ्ठलाच्या आहेत, बाबासाहेबांच्या आहेत, लेकीच्या, सासुरवासाच्या. भावावरच्या तर किती. मी रात्री त्या कानात घालून ऐकायची. गाणाऱ्या बाईच्या आवाजाखाली दगडाची घरघर येते, आणि मूठ टाकली की क्षणभर ती घरघर जड होते.

ऐकता ऐकता मला त्यातली व्यवस्था दिसायला लागली. एक म्हणजे समोर दुसरी बाई असते, पण ती सल्ला द्यायला बसलेली नसते. तिचा हात त्याच खुंट्यावर आहे, ती दमलेली आहे, आणि फार तर पुढची ओवी तिची. दुसरं म्हणजे सांगायचं ते मुठीत मावेल एवढंच सांगायचं. ओवीची लांबीच तेवढी. आई सांगते, मूठ मोठी घातली की पीठ जाडं येतं आणि जातं ओढत नाही. तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. धान्य संपलं की संपलं. सूप रिकामं झालं, पीठ भरलं, उठायचं, चूल पेटवायची. पेनेबेकरच्या गजराचं काम इथे सूप करत होतं. नेदरलंड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये शोकाविषयी जे मांडलं तेही याच अंगाने जातं. धडधाकट शोक एका जागी बसून राहत नाही, तो येरझाऱ्या घालतो. काही वेळ गेलेल्या माणसापाशी, काही वेळ पुढ्यातल्या कामापाशी. दोन्हीकडे जाणं-येणं चालू हवं. आई रडता रडता मध्येच म्हणायची, "जा गं, वरण उतू चाललंय बघ," आणि मला ते तेव्हा विचित्र वाटायचं.

अर्थात, जात्याचे गोडवे गाणं मला आणि माझ्यासारख्या गिरणीतून पीठ आणणाऱ्यांना परवडतं. त्या बाया हौसेने उठत नव्हत्या. दळलं नाही तर भाकरी नव्हती, आणि ओवीत ओतलेलं दुःख ऐकून सासू काही बदलत नव्हती. ज्या दुःखाला कारण घरातलाच माणूस आहे त्याच्यावर ओवी हा उपाय नव्हता आणि वहीसुद्धा नाही. तिथे दार उघडून बाहेर पडावं लागतं. रीतीभातींचंही तसंच. ज्या रीतीने आईच्या दारात तेरा दिवस ऐकणारी माणसं आणून बसवली, त्याच रीतीचं बोट धरून एक लांबची मावशी दहाव्याला वहिनींच्या बांगड्यांकडे बघत होती. आईने तिला तिथल्या तिथे गप्प केलं. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने बाकीच्या गावांनाही तसंच करायला सांगितलं. आईने तो ठराव पेपरात वाचलेला होता. "हेरवाडच्या लोकांना कळतं, तुला कळत न्हाई?" एवढंच म्हणाली ती मावशीला.

वहिनींच्या बाबतीत मी चुकले. जात्याचं डोक्यात शिरल्यावर मला वाटायला लागलं की सगळ्यांनी बोललंच पाहिजे. वहिनी बोलत नव्हत्या, रडतानाही कुणी फारसं पाहिलं नव्हतं. त्या परसात वाफे करत होत्या. मेथी लावली, वांगी लावली. मी त्यांच्या मागे लागले, वहिनी मन मोकळं करा, आत ठेवू नका. दोन दिवस ऐकून घेऊन तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोला. मी ऐकते. मला बोलायला लावू नका." मी गप्प झाले. कोलंबिया विद्यापीठातल्या जॉर्ज बोनॅनो यांनी वर्षानुवर्षं विधवा-विधुरांचा पाठपुरावा करून हेच दाखवलं आहे. पुष्कळ माणसं मोठा आकांत न करता, आत काही साठवून न ठेवताही, आपल्या चालीने सावरतात. न रडणारा प्रत्येक जण गिळत असतो असं नाही. अपघाता-आपत्तीतून नुकत्याच सुटलेल्या माणसाला ताबडतोब बसवून सगळं बोलायला लावायची एक पद्धत मध्यंतरी बरीच चालली होती. तिने काही साधत नाही, काहींना तर त्रासच होतो, असं पुढे दिसून आलं. आपली मूठ आपण भरायची. दुसऱ्याने ती भरून जात्यात कोंबायची नाही.

हेही खरं की काही वेळा जातं फिरतच नाही. वर्ष उलटलं तरी माणूस पहिल्या दिवसाच्या जागेवरून हललेला नसतो, जेवण-झोप-काम सगळंच अडलेलं असतं. अशा लांबलेल्या शोकाला आता वैद्यकाने आजार म्हणून वेगळी जागा दिली आहे आणि त्यावर उपचार आहेत. मला समुपदेशक बाईंकडे जायला चार महिने लागले ते मंडईत रडू फुटलं म्हणून. फुटलं नसतं तर किती लागले असते कुणास ठाऊक. सरकारची १४४१६ ही फोनसेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक मी दादाच्या त्या सात हजारवाल्या मित्राला दिला. त्याने पैसे आणून दिले तेव्हा तो दारातच बसून राहिला होता, उठेचना.

या एप्रिलमध्ये मी चार दिवस कराडला होते. वर्षाचा गहू आला होता. माजघरात चादर पसरून आम्ही निवडत बसलो, आई सूप घेऊन, मी ताट घेऊन. मुंबईची मावशी आली होती. तिचं स्वतःचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे दादाच्या वेळी येता आलं नव्हतं. चौदा महिन्यांनी ती समाचाराला आली होती आणि त्याने ओशाळली होती. आईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सूप पाखडत सुरू केलं.

या वेळी गोष्ट आदल्या रात्रीच्या जेवणापासून होती. एवढ्या मागे ती आजवर गेली नव्हती. "भाकरी आन् आमटी. जेवताना हसत होता आपला आपणच. म्हणलं, काय झालं रे? तर म्हणला, आई, आपली ती शेळी आठवती का, माझी वही खाल्लेली? तिचं नाव काय गं? मला काय ते आठवंना. हिलापण आठवंना," आईने वहिनींकडे मान केली, "ही कुठं होती तेव्हा. तर म्हणला, राहू दे. सकाळी पुण्याला फोन करतो. साक्षीदाराला ठाऊक असतंय." आणि आई पुढे गेली. सकाळ झाली, तोंड धुतलं, चहा, आलं.

माझ्या ताटातला गहू तसाच राहिला होता.

त्या फोनचं मी आईला कधीही सांगितलेलं नव्हतं. चौदा महिन्यांत आईने ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, आणि त्यात ही शेळी कधीच नव्हती. मी वर बघितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली. दादाचा फोन त्या दिवसापासून त्यांच्याच कपाटात आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

आईला खरंच आता आठवलं, की कुणी आठवण करून दिली, मी विचारलं नाही. मावशी डोळे पुसत होती. आईने सूप खाली ठेवलं, गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं होतं नाव?"

"शेवंती," मी म्हटलं.

"शेवंती," आई म्हणाली. "हां. शेवंती." आणि तिने पुढचा गहू सुपात घेतला.